ट्रॅक्टरच्या गोत्रातला शब्द

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याने भरलेले ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. 'ॲब्स्ट्रॅक्ट' हा इंग्रजी शब्द तिथे कुणी उच्चारायचं कारण नाही. पण तो ट्रॅक्टरच्याच गोत्रातला. दोघांच्याही मुळाशी लॅटिनमधला 'त्राहेरे', म्हणजे ओढणे, हा धातू आहे. ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो. ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे ओढून वेगळं काढलेलं. कॉन्ट्रॅक्टसुद्धा त्यातलंच.

ओढून काढायचं ते काय? लिलावात व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे उचलतो, साल चोळून बघतो आणि क्विंटलमागे भाव बोलतो. कांदा हातात धरता येतो, भाव येत नाही. तरी शेतकऱ्याचं वर्ष त्यावरच ठरतं! रंग, वास, माती बाजूला सारून वस्तूतली एकच गोष्ट मनाने उचलायची, तेच हे ओढून काढणं. गणितातल्या आकृत्यांबद्दल बोलताना ॲरिस्टॉटलने जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा अर्थही 'काढून घेणे' असाच होता. त्याच अर्थाचा लॅटिन शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत विशेषण म्हणून पोचला.

मराठीत त्याच्या जागी बसला 'अमूर्त'. 'मूर्त' आला मूर्छ् या संस्कृत धातूपासून; अर्थ थिजणे, घट्ट होणे. मूर्ती त्यातूनच, आणि मूर्च्छासुद्धा. गंमत म्हणजे ॲब्स्ट्रॅक्टच्या विरुद्धार्थी 'काँक्रीट' शब्दाचा लॅटिन अर्थही एकत्र वाढून घट्ट झालेलं असाच आहे. घट्टपणाबाबत दोन्ही भाषांचं एकमत. फरक पुढे पडतो: लॅटिनमध्ये अमूर्त हे मूर्तातून ओढून काढावं लागतं, संस्कृतात ते फक्त न थिजलेलं असतं. बृहदारण्यक उपनिषद तर मूर्त आणि अमूर्त ही ब्रह्माचीच दोन रूपं मानतं.

पण मूर्ती नाही म्हणजे आकारच नाही, असं घाईने म्हणू नये. नाशिकच्या पांडवलेण्यांत 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात पूजेला बुद्धमूर्ती नाही. आहे तो डोंगरातच कोरलेला भरीव स्तूप. आकार आहे, घट्टपणा आहे, फक्त माणसाचं रूप नाही. शेजारच्या काही लेण्यांत बुद्धमूर्ती आल्या त्या पुढच्या शतकांत.

सरकारी दप्तरात मात्र ॲब्स्ट्रॅक्टला कुणी अमूर्त म्हणत नाही. लांबलचक हिशेबातून ओढून काढलेलं सार म्हणजे तिथे 'गोषवारा'. हा शब्द फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ आहे कानातला दागिना.