प्राणवायूच्या वाटेवरचं पाणी

आईच्या पलंगाच्या उशाशी, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, चाकांवरचं एक मशीन गेली अडीच वर्षं उभं आहे. घरात आम्ही त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतो, येणारे-जाणारे ‘ऑक्सिजन’ म्हणतात. त्याच्या पोटात कॉम्प्रेसर आहे, गाळण्या आहेत, वीज गेली की कोकलणारा भोंगा आहे. पण दिवसभरात आमचा हात सगळ्यात जास्त लागतो तो त्याच्या खोबणीत बसवलेल्या प्लास्टिकच्या एका पारदर्शक बाटलीला. वीतभर उंची, अंगावर कमी-जास्त पाण्याच्या दोन रेघा. झाकणातून एक नळी तळापर्यंत गेलेली आणि तिच्या टोकाला बारीक छिद्रांची गोळी. ऑक्सिजन त्या गोळीतून पाण्यात शिरतो, बुडबुडे होऊन वर येतो, झाकणाच्या दुसऱ्या तोंडातून लांब नळीत जातो आणि तिथून आईच्या नाकात. हिचं नाव ह्युमिडिफायर. आमच्याकडे ती ‘बुडबुड्याची बाटली’.

मशीन आलं तेव्हा ही बाटली नव्हती. ती आली पहिल्या हिवाळ्यात. पुण्यातली जानेवारीतली कोरडी थंडी, आणि एका पहाटे आईचा घोळणा फुटला. उशीवर रक्त बघून मी घाबरलो, आई म्हणाली, “अरे, नाक वाळलंय नुसतं. आठ दिवस झाले आतून खरखरतंय.” आठ दिवस तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं ते सोडा, मधूनमधून ती नळी काढून ठेवत होती, हे त्या दिवशी कळलं. मशीन पुरवणाऱ्याला फोन केला तर संध्याकाळपर्यंत एक मुलगा बाटली घेऊन हजर. “आजी, कुठलंही पाणी घाला, फक्त वरच्या रेघेच्या वर जाऊ देऊ नका,” एवढं सांगून तो गेला. त्याच्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग बरोबर होता.

हा ऑक्सिजन इतका कोरडा का, याचं उत्तर मशीनच्या पोटातल्या दगडात आहे. आपल्या भोवतालच्या हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे आमचं हे मशीन, ही हवा ओढून घेतो, दाबतो आणि झिओलाइटच्या बारीक खड्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने सोडतो. दाबाखाली हे खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे सरकतो. दाब काढला की धरलेला नायट्रोजन सुटतो. दर काही सेकंदांनी मशीन ‘फुस्स’ करून सुस्कारा टाकतं, तो हाच. बाहेर येणारा ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध असतो. पण झिओलाइटची खरी ओढ नायट्रोजनपेक्षाही पाण्याकडे. त्याचं नावच तसं पडलंय. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ निघाली, म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ असं नाव दिलं. हवेतला ओलावा हे खडे आधीच शोषून घेतात, आणि पलीकडे निघतो तो ठणठणीत कोरडा वायू.

आईचं माहेर सिन्नरच्या बाजूचं. तिथे विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना काळ्या कातळाच्या पोकळीत चमकणारे स्फटिक सापडतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट अशी झिओलाइट कुळातली खनिजं विपुल आहेत, आणि सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं त्यांचं संग्रहालयही आहे. मशीनमधला झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, त्या कातळातून काढलेला नसतो. तरीही मी हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. लहानपणी ज्यांना गारगोट्या म्हणून खेळात घेतलं, त्यांच्या भाऊबंदांनी म्हातारपणी श्वास पुरवावा याचं तिला फार नवल वाटलं. तिचं फुप्फुसाचं दुखणंही त्याच गावातलं. तिने विडी-सिगारेट कधी पाहिली नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, फुंकणीने फुंकत.

बाटली आल्यावर आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मी कौतुकाने बाटलीबद्दल सांगितलं. त्यांनी वेगळंच विचारलं, “नळी नाकावर किती तास असते?”

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. घरी ऑक्सिजन देण्याची पद्धत ज्या दोन अभ्यासांवर उभी आहे ते दोन्ही तासांबद्दल आहेत. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे २०३ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त रात्रीचा, म्हणजे सुमारे बारा तास ऑक्सिजन दिला, निम्म्यांना शक्य तितका सलग. फक्त रात्री घेणाऱ्यांमधला मृत्यूदर सलग घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८७ रुग्णांच्या अभ्यासात दिवसाला किमान पंधरा तास ऑक्सिजन घेणारे, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. म्हणूनच आजही डॉक्टर ‘कमीत कमी पंधरा तास’ म्हणतात. नाक वाळलं म्हणून आईने नळी दुपारी दोन तास आणि रात्री तीन तास काढून ठेवली तर तिच्या औषधाचा तेवढा डोस गेला. बाटलीचं काम मला त्या दिवशी नीट कळलं. ती फुप्फुसाला काही देत नाही. नळी नाकावर टिकावी, एवढ्यासाठी ती आहे. त्यासाठी ती उपयोगी पडत असेल तर ठेवायची, नाहीतर खोबण रिकामी राहिलेली बरी.

रिकामी राहिलेली बरी, हे मी हलक्याने म्हणत नाही. नाकातून मिनिटाला चार लिटरपर्यंत ऑक्सिजन घेणाऱ्याला बाटलीची सरसकट गरज नसते, असं श्वसनोपचाराच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आईला दोन लिटर लागतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे तिच्या प्रत्येक श्वासात बराचसा भाग खोलीतली साधी हवा असते. आणि नाक हे मुळातच अव्वल दर्जाचं यंत्र आहे. बाहेरची कोरडी, गार हवा घशापलीकडे पोचेपर्यंत ते तिला गरम करतं, ओलसर करतं. फुप्फुसात पोचलेल्या ३७ अंश तापमानाच्या हवेत लिटरमागे सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. आमच्या बाटलीतलं पाणी पंचवीस अंशांचं असेल तर ती लिटरमागे फार तर २३ मिलिग्रॅम देऊ शकते. निम्मं बाटलीचं, उरलेलं नाकाचंच. दोन लिटरच्या हिशोबाने दिवसभरात २,८८० लिटर ऑक्सिजन जातो, म्हणजे जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट मिलिलिटर पाणी. मी रेघेवर पेनने खूण करून बघितलं. चोवीस तासांत उतरलं ते त्याहून थोडं कमीच. एवढ्याशा पाण्याने आईला बरं वाटलं, हेही तितकंच खरं. ज्याचं नाक वाळतं, ज्याचा घोळणा फुटतो, ज्याचा फ्लो जास्त आहे, त्याने डॉक्टरांना विचारून बाटली जरूर लावावी.

ज्यांच्या घशाला छिद्र पाडून नळी बसवलेली असते त्यांची गोष्ट निराळी. तिथे नाक वाटेत येतच नाही, त्यामुळे ओलावा द्यावाच लागतो आणि ही थंड पाण्याची बाटली त्याला पुरत नाही. उलट खांद्याला अडकवून न्यायचे छोटे कॉन्सन्ट्रेटर श्वास ओढला की तेवढ्यापुरताच झोत सोडतात. मध्ये बाटली आली तर त्या मशीनला श्वासाची चाहूलच नीट लागत नाही. त्यांना ती लावायची नसते.

आता पाणी. ‘कुठलंही पाणी’ म्हटल्यावर आम्ही नळाचं घातलं. तीन आठवड्यांत गोळीवर पांढरा थर चढला, तळाला हात लावला तर बुळबुळीत. क्षारांनी छिद्रं बुजतात आणि ऑक्सिजनची वाट अडते, हे एक. पण त्या बुळबुळीची मला जास्त भीती वाटली. दिवसरात्र हवा खेळणारं, कोमट खोलीतलं साचलेलं पाणी म्हणजे जंतूंना आयती जागा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला आजारी माणसाचं नाक. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत, काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हाहाकार उडवला तेव्हा मूळ दोष अनियंत्रित मधुमेहाचा आणि स्टिरॉइडच्या अतिवापराचा होता. पण आयसीएमआरने तेव्हा दिलेल्या सूचनांमध्ये ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा, हीही एक सूचना होती. त्या वर्षी किती घरांत घाईघाईने कॉन्सन्ट्रेटर आले, आणि किती घरांत हे पाण्याचं कुणी सांगितलंच नाही, याचा विचार आला की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

तेव्हापासून आमच्याकडे औषधाच्या दुकानातून निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी येतं. गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं पाणी या कामाचं नाही. ते माणसाच्या श्वासासाठी बनवलेलं नसतं. आरओचं पाणी निर्जंतुक असेलच असं नाही. विकतचं पाणी संपलं आणि दुकान बंद असलं तर पाणी चांगलं उकळून, झाकून, पूर्ण गार करून घालतो. त्याने जंतू मरतात, क्षार मात्र राहतात. गरम पाणी कधीच नाही. आणि उरलेल्या पाण्यात नवीन ओतायचं नाही. ही सवय लागायला वेळ लागला, कारण आपल्याकडे माठापासून फुलदाणीपर्यंत सगळीकडे वरून भर घालायची रीत. रोज सकाळी जुनं ओतून टाकायचं, बाटली साबणाच्या पाण्याने धुवायची, खळखळून विसळायची, वाळवायची. आठवड्यातून एकदा व्हिनेगरच्या पातळ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची आणि पुन्हा स्वच्छ विसळायची. आम्ही दोन बाटल्या ठेवल्यात. एक मशीनवर, दुसरी स्वयंपाकघरातल्या जाळीवर दुधाच्या पातेल्याशेजारी पालथी.

बाटली रोज काढायची-बसवायची म्हटल्यावर एक नवा घोटाळा सुरू होतो. झाकणाचे आटे जरा तिरके बसले की ऑक्सिजन तिथूनच निसटतो. मशीनवरचा काटा दोन लिटर दाखवत राहतो, मशीन गुरगुरत राहतं, आणि नाकात येतं अगदी थोडं. गेल्या वर्षी एका सकाळी आईचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ब्याण्णवचं पंच्याऐंशीवर आलं. मी नळी तपासली, प्लग तपासला, ऑक्सिमीटर दुसऱ्या बोटाला लावून पाहिला. शेवटी बाटलीकडे लक्ष गेलं: बुडबुडे नेहमीसारखे, पण झाकण तिरकं बसलेलं. झाकण आदल्या रात्री मीच घाईत आवळलं होतं. त्यानंतर एक परीक्षा ठरवून टाकली. बाटलीतून निघालेली नळी दोन बोटांत घट्ट चिमटायची. झाकण नीट बसलं असेल तर आत दाब साठतो आणि झाकणावरची छोटी झडप शिट्टी वाजवते. शिट्टी आली नाही तर कुठेतरी गळतंय. आईची परीक्षा वेगळी आहे. ती नाकातली टोकं वाटीभर पाण्यात बुडवते, बुडबुडे बघते, टोकं पदराने कोरडी करते आणि मगच नाकाला लावते.

पाणी वरच्या रेघेच्या वर गेलं तर बुडबुड्यांबरोबर थेंब नळीत चढतात आणि नाकात गार पाणी येतं. आई दचकून उठते. एसीच्या खोलीतही नळीत थेंब साठतात, कारण ओला वायू थंड नळीतून जाताना पाणी सोडतो. त्यासाठी आम्ही नळी फरशीवर लोळू देत नाही आणि एसीचा झोत तिच्यावर येऊ देत नाही.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. नाक वाळलं म्हटलं की आपल्याकडे तूप, खोबरेल, बाम, व्हॅसलिन हातात घेऊनच माणूस येतो. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काहीही नाकाला लावायचं नाही. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते झटकन पेट घेऊ शकतं. डॉक्टरांनी दिलेले सलाइनचे थेंब किंवा पाण्यात मिसळणारं जेल चालतं. देवघरातली समई आणि उदबत्ती आम्ही आईच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत हलवली. त्या दिवशी तिला वाईट वाटलं. आता ती दारातून हात जोडते.

यंदा जूनमध्ये पाऊस लागल्यावर डॉक्टर म्हणाले, “हवेत ओलावा आहे, बाटली काढून बघा.” बाटली काढली की मशीनच्या तोंडाला नळी थेट बसत नाही, मध्ये बोटाच्या पेराएवढा एक जोडतुकडा लागतो. तो मशीनबरोबर आलेला, आणि अडीच वर्षांत कुठे गेला ते मला आठवेना. आईने कपाटातून तिचा हळदीकुंकवाचा पितळी करंडा काढला. तुकडा त्यात होता, कागदात गुंडाळून. चार महिने बाटलीवाचून गेले, नाकाची तक्रार नाही, तास पूर्ण. दिवाळी झाली, हवा बोचरी झाली, आणि एका सकाळी आई म्हणाली, “खरखर सुरू झाली रे.” बाटली धुतली, भरली, आटे नीट बसवले, नळी चिमटली, शिट्टी आली. जोडतुकडा आईने माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि करंड्यात ठेवला.