लेखांक ६ : कॅरीबॅगेतला दावा

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज कुठे करायचा, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. अपघाताचं ठिकाण, जखमीचं गाव किंवा गाडीमालकाचं गाव, यांतलं सोयीचं निवडता येतं. आज वकिलाकडे वळू.

असा पक्षकार वकिलाकडे येतो तो बहुधा औषधाच्या दुकानातली कॅरीबॅग घेऊन. आत एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि चुरगळलेली बिलं. मुरलेला कारकून ती बिलं वाचत बसत नाही, आधी झेरॉक्सला पाठवतो. थर्मल कागदावरची शाई उडून जाते आणि दावा पुराव्याला लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं कुठे गेली कळत नाही. कोऱ्या कागदावर औषधाचा खर्च कोण मंजूर करणार?

बिलांपेक्षा वकिलाचा जीव अडकलेला असतो तो दवाखान्याच्या केसपेपरात. भरती करताना डॉक्टर विचारतात, काय झालं? पोलिसांची झंझट नको म्हणून सोबतचा मेहुणा सांगून मोकळा होतो, ‘गाडी घसरून पडले.’ ती ओळ कागदावर उतरते आणि विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत नेमकी तीच वाचून दाखवतात. टेम्पोने ठोकरलं हे मग नंतर सुचलं का? अशा वेळी एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदाराचा जबाब यांनी ते भगदाड बुजवावं लागतं. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढंच बघतात. पण पारड्यात टाकायला काहीतरी हवंच.

मुदतीचंही पाहायचं. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे खरं, पण त्या भरवशावर स्वस्थ बसू नये.

आता खरी मेख. समजा, चौतीस वर्षांचा सुतार आहे, महिना १५,००० रुपये कमाई. डावा हात चिरडला. दाखल्यावर ४० टक्के कायमचं अपंगत्व. वर्षाचे १,८०,००० होतात. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २,५२,०००. या वयाला सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे १६ चा गुणक. झाले ४०,३२,०००. आता यातले किती टक्के बुडाले? दाखल्यावरचा आकडा तसाच उचलला तर १६,१२,८००.

पण रंधा एका हाताने मारता येत नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला : शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद गमावणं वेगळं. हात गेलेल्या सुताराचा धंदाच बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून वकील डॉक्टरांना साक्षीला बोलावतो आणि विचारतो, हा माणूस पटाशी धरू शकेल का? फळी दाबून धरू शकेल का? त्या उत्तरांवर न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान ८० टक्के धरलं, तर तीच रक्कम ३२,२५,६०० होते. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी हे सगळं वेगळं. माझ्या मते वकिलाची फी वसूल होते ती या दहा मिनिटांत; बाकीचं बरंचसं काम कागद जमवण्याचंच.

फीवरून आठवलं. ‘आधी काही देऊ नका, मिळेल त्यातले इतके टक्के द्या’ असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. दवाखान्याच्या दारात उभे असलेले मध्यस्थ तर हेच बोलतात. वकिलांच्या आचारसंहितेत अशी टक्केवारी चालत नाही. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी आणि कोऱ्या कागदावर सही करू नये.

मधेच लोकअदालतीची नोटीस येते. कंपनी रक्कम देऊ करते, पैसे लवकर हातात पडतात, घरात गरजही असते. तडजोड वाईट नाही, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी वरचा हिशेब वकिलाकडून कागदावर मांडून घ्यावा आणि देऊ केलेली रक्कम त्याच्याशेजारी लिहावी.

पुढच्या आठवड्यात : ठोकरणाऱ्या गाडीचा विमाच नसेल तर?