दोन मित्र, दोन दिवस, दोनशे युरो

परदेशचा प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे उभे राहतात. विमानाच्या तिकिटापुरते ते खरेही आहे. दोन दिवसांची मौज म्हणून कोणी मुंबईहून युरोपात जावे, असे मी कधीच सांगणार नाही. पण आता खेड्यापाड्यांतली मुले जर्मनीत, हॉलंडमध्ये शिकायला जातात. काही शेतकरी अभ्यासदौऱ्यावर जातात. अशा वेळी विमानभाडे एकदा भरलेलेच असते. मग दौरा संपल्यावर शनिवार-रविवार थांबून एखादे शहर पाहावे की नाही, आणि पाहायचे तर किती खर्चात, हा प्रश्न येतो.

मे महिन्यात आमच्यावर तीच वेळ आली. नेदरलँड्समधला दौरा शुक्रवारी दुपारी संपला. बाकीची मंडळी त्याच रात्रीच्या विमानाने परतली. मी आणि माझे एक द्राक्षबागाईतदार मित्र मागे राहिलो. आमचे विमान रविवारी रात्रीचे होते. दोघांनी आधीच ठरवले होते की, माणशी दोनशे युरोच्या वर एक पैसाही खर्च करायचा नाही. एक युरो म्हणजे सुमारे शंभर रुपये धरा. म्हणजे वीस हजार रुपये झाले. दोन दिवसांना ही रक्कम आपल्या दृष्टीने थोडी नाही, पण ॲमस्टरडॅमसारख्या महागड्या शहरात ती चटकन संपते.

निघण्यापूर्वीची मशागत

पेरणीआधी मशागत करावी तशी इथेही करावी लागते. व्हिसा दौऱ्याच्या तारखांपुरताच घेतला असेल तर पुढचे दोन दिवस राहता येत नाही, म्हणून अर्ज करतानाच ते दिवस त्यात धरावेत. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. या विम्यातही जादा दिवस यायला हवेत.

शिदोरीचेही नियम आहेत. तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. आंबे, कढीपत्ता पिशवीत घालून न्यायला जाल तर तेही विमानतळावर अडतील. शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, खाकरे यांना अडचण येत नाही. आमच्या मित्रांच्या घरच्यांनी दिलेल्या चटणीच्या डब्याने आमचे निदान पंधरा युरो वाचवले असतील.

राहण्यासाठी आम्ही एका होस्टेलात एकावर एक पलंग असलेल्या खोलीत दोन खाटा आधीच राखून ठेवल्या. माणशी रात्रीला ४५ युरो पडले. इथे एक फसगत संभवते. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीभाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे, आणि जाहिरातीतल्या दरात तो पुष्कळदा धरलेला नसतो. त्यामुळे ९० युरोचे १०१ झाले. सामानाच्या कपाटाला लावायचे कुलूप घरूनच न्यावे. शहरात जागा मिळाली नाही तर जवळच्या हार्लेम गावात पाहावी. तिथून आगगाडीने पाव तासात येता येते. ट्युलिपचा हंगाम आणि २७ एप्रिलचा राजाच्या वाढदिवसाचा सण टाळला, तर भाडे बरेच उतरते.

पहिल्याच संध्याकाळी तंटा

स्किफोल विमानतळावरून आम्ही आगगाडीत बसलो. हा विमानतळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पूर्वी तिथे मोठे सरोवर होते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या तीन पंपांनी ते उपसून कोरडे केले आणि सुमारे १८,००० हेक्टर जमीन काढली. हे ऐकून मित्र खिडकीला नाक लावून बसले.

शहरात पोहोचलो तेव्हा भूक लागली होती. मे महिन्यात तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. कालव्याच्या कडेला टेबले मांडलेली पाहून मी मित्रांना न विचारताच बसलो, आणि सूप, पाव, चीज, कॉफी मागवली. पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागले. बिल झाले ३८ युरो. मित्रांनी आपला वाटा टेबलावर ठेवला आणि होस्टेलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

रात्री खाटेवर बसून म्हणाले, “साहेब, तुम्हाला पगार आहे. माझं पीक अजून वेलीवर आहे. पुढच्या वेळी बसण्याआधी मला विचारा.”

मला वाईट वाटले, कारण चूक माझीच होती. वाचकहो, मित्राबरोबर प्रवास करताना मैत्री तुटते ती मोठ्या कारणाने नव्हे, अशा न विचारता केलेल्या खर्चाने. इंग्रज लोक प्रत्येकाने आपापले पैसे भरण्याला ‘डच पद्धत’ म्हणतात. आम्ही त्या रात्री डच लोकांच्याच गावात बसून वहीत नियम लिहिले.

पहिला नियम असा की दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि खाणे, गाडीभाडे, सायकल यांचा खर्च त्यातूनच करायचा. पाकीट मित्रांकडे, वही माझ्याकडे. दुसरा नियम, स्वतःपुरती खरेदी स्वतःच्या खिशातून. तिसरा नियम महत्त्वाचा होता. प्रत्येकाने आपल्या आवडीची एकच गोष्ट निवडायची, आणि दुसऱ्याने कुरकुर न करता बरोबर यायचे. मित्रांनी निवडले : “इथली शेती पाहायची.” मी निवडले व्हॅन गॉगच्या चित्रांचे संग्रहालय. तिकीट पंचवीस युरोच्या घरात आहे म्हणताच मित्र म्हणाले, “चित्राला अडीच हजार? एवढ्यात सहा-सात बायांचा खुरपणीचा रोज निघतो.” पण नियम झाला होता. दारावर तिकीट मिळत नाही, दिवस आणि वेळ ठरवून आधी संगणकावर किंवा फोनवर घ्यावे लागते. रविवार सकाळचे घेऊन टाकले.

फुकटात काय मिळते

शनिवारी सकाळी पायी निघालो. जुने शहर लहान आहे. मुख्य स्थानकापासून संग्रहालयांच्या मैदानापर्यंत चालत पाऊण तास लागतो. सतराव्या शतकात खणलेले कालवे आणि त्यांच्या कडेची अरुंद, उंच घरे पाहायला तिकीट नाही. २०१० साली हा भाग जागतिक वारशाच्या यादीत गेला. जमीन दलदलीची असल्याने जुन्या इमारती जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत. एकट्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत.

नॉर्डरमार्क्ट या चौकात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चीज, पाव, भाज्या, मध, अळंबी असा माल असतो. तिथला माल सेंद्रिय आणि म्हणून महाग. आम्ही भाव पाहिले, चीजचे चवीपुरते तुकडे खाल्ले, आणि पाव, केळी, दही नेहमीच्या दुकानातून घेतले. होस्टेलात स्वयंपाकघर होते. नळाचे पाणी बिनघोर प्यावे, बाटली भरून घ्यावी. पाण्याची वा सरबताची बाटली घेतलीच तर ती फेकू नये. लहान बाटलीला १५ आणि मोठीला २५ सेंट अनामत असते, आणि दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की ती परत मिळते. उलट सार्वजनिक शौचालयाला बहुतेक ठिकाणी ५० सेंट ते एक युरो पडतो, म्हणून सुटी नाणी जवळ असावीत.

आणखी एक सावधगिरी. ज्या दुकानावर ‘कॉफीशॉप’ अशी पाटी असते तिथे गांजा विकतात. कॉफी प्यायची असेल तर ‘कॅफे’ अशी पाटी शोधावी. आम्ही वेळीच वासावरून ओळखले!

पाण्याखालची शेती

दोन सायकली दिवसाला १२ युरो दराने भाड्याने घेतल्या. तिथे वाहने उजवीकडून चालतात, आपली सवय डावीकडची. सायकलींचा रस्ता बहुधा तांबड्या रंगाचा असतो. त्यावरून पायी चालू नये, मागून येणारा थांबत नाही. ट्रामचे रूळ तिरपे ओलांडल्यास चाक रुळात अडकते, ते आडवेच ओलांडावेत. पुष्कळ सायकलींचा ब्रेक पायडल उलटे फिरवले की लागतो. हे आधी रिकाम्या गल्लीत शिकून घ्यावे.

मुख्य स्थानकामागून पलीकडच्या तीराला जाणारी होडी फुकट आहे, सायकलीसकट. तिथून तासाभरात आपण वॉटरलँड नावाच्या भागात पोहोचतो. हिरवी कुरणे, त्यांत काळ्या-पांढऱ्या गाई, आणि शेताशेतांमध्ये बांधाऐवजी पाण्याचे चर. रस्ता धरणासारख्या मातीच्या बांधावरून जातो. एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला शेत खाली, हे डोळ्यांना दिसते. जानेवारी १९१६ मध्ये वादळाने बांध फुटून हा भाग पाण्याखाली गेला होता. त्यानंतर १९१८ साली कायदा झाला, आणि १९३२ साली समुद्राच्या आखाताला आडवा मोठा बांध घालून ते कायमचे बंद केले.

मित्रांनी सायकल टेकवली आणि बराच वेळ चराकडे पाहत राहिले. म्हणाले, “साहेब, आपल्याकडं पाणी आणायची मारामार, इथं पाणी घालवायची.”

आणि ते खरेच आहे. पंप थांबले तर ही शेते बुडतील. चरातले पाणी किती उंचीवर ठेवायचे, बांध कोणी राखायचा, याचा कारभार जलमंडळे पाहतात. ती मध्ययुगापासून चालत आलेली आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि पाण्यासाठी वेगळा कर भरावा लागतो. एकाने बांध राखला नाही तर शेजाऱ्याचेही शेत जाते, म्हणून ही माणसे एकत्र आली. मित्रांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि हिशेबाच्या पानामागे चराचे चित्र काढले.

पंचवीस युरोचे चित्र

रविवारी सकाळी संग्रहालयात गेलो. मित्र नियम पाळायचा म्हणून आले होते. सूर्यफुलांसमोर गर्दी होती, तिथून ते पुढे गेले. मग एका काळपट चित्रासमोर थांबले. त्याचे नाव ‘बटाटे खाणारे’. व्हॅन गॉगने ते १८८५ साली न्यूनन या खेड्यात काढले. लोंबत्या दिव्याखाली एक शेतकरी कुटुंब जेवायला बसले आहे. पाच माणसे, मध्ये उकडलेल्या बटाट्यांचे ताट, आणि एक बाई कॉफी ओतते आहे. त्यासाठी त्याने कित्येक शेतकऱ्यांचे चेहरे आणि हात आधी काढून पाहिले होते. ज्या हातांनी ही माणसे ताटातले घेत आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे दिसावे, असे त्याने भावाला पत्रात लिहिले होते. चित्राचा रंगही त्याने न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्यासारखा ठेवला.

हे मी मित्रांना सांगण्याआधीच ते म्हणाले, “साहेब, यांनी हात धुतलेत. पण माती निघाली नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्या आईचे असेच होते.”

आम्ही तिथे पाऊण तास होतो. परत जाताना त्यांनी स्वतःच्या खिशातून त्या चित्राचे एक कार्ड घेतले. सामाईक पाकिटातून नव्हे. नियम तो नियम!

अखेरचा ताळेबंद

विमानतळावर वही जुळवली. माणशी खर्च असा : राहणे १०१ युरो, खाणे ४१ (त्यात माझ्या चुकीचे १९), संग्रहालय २५, सायकल १२, विमानतळाची आगगाडी जाता-येता १२, किरकोळ ३. एकूण १९४. ठरल्यापेक्षा सहा युरो कमी.

वाचकहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण सगळे पाय आखडून घेतले तर गेल्याचा उपयोग काय? खाटेवर, जेवणावर, गाडीभाड्यावर वाचवा. ज्यासाठी एवढ्या दूर गेलात त्या एका गोष्टीवर मात्र हात आखडू नका. आणि मित्राबरोबर जात असाल तर वही पहिल्या संध्याकाळच्या जेवणाआधी उघडा. आम्ही ती जेवणानंतर उघडली. एकोणीस युरो गेले ते गेले, मित्र मात्र राहिला.

पुढे त्यांच्या घरी जाणे झाले, तेव्हा ते कार्ड चुलीजवळच्या कोनाड्यात उभे केलेले दिसले. घरच्यांनी विचारले, “भावजी, हे कोण हो?” मी म्हटले, “हॉलंडचे शेतकरी आहेत, वहिनी.” त्या म्हणाल्या, “वाटलंच. जेवायला बसायला उशीर झालेला दिसतोय.”