गारखेड्याचे पाणी आणि पदवीचे रसायनशास्त्र

मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

पदवीच्या वरच्या वर्गांत विश्लेषणात्मक रसायनशास्त्राला महत्त्व येते. पदार्थात काय आहे, एवढेच नव्हे तर किती आहे, हे त्यात मोजावे लागते. गारखेडा परिसर बेसाल्ट खडकावर वसला आहे. अशा खडकातील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पाणी दुष्फेन होते. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो.

हे क्षार मोजताना ५० मिलिलिटर पाण्याचा सामू १० च्या आसपास राखतात व एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालतात. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलार ईडीटीए थेंबथेंब सोडतात. लाल रंग जाऊन निळा आला, की थांबावयाचे. १५ मिलिलिटर द्रावण लागल्यास दुष्फेनता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम ठरते. भारतीय मानकानुसार पिण्यासाठी २०० पर्यंतचे पाणी योग्य. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. वाचनात १ मिलिलिटरची चूक झाल्यास उत्तर २० मिलिग्रॅमने चुकते.

घरात या चुकीने साबण वाया जाईल. पण कारखान्यातील बाष्पकाच्या नळ्यांत थर साचला, तर इंधन वाया जाऊन नळ्या फुटण्याचा धोका असतो. प्रयोगवहीतील काटेकोरपणाचे मोल येथे कळते.