हॅमरचा राक्षस आणि आपला देवचार

मंडळी, आजचा विषय सिनेमाचा असला तरी प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. राक्षस कोण, हे ठरवतं कोण?

इंग्लंडात हॅमर नावाची एक छोटी कंपनी होती. थेम्सकाठी ब्रे इथल्या जुन्या बंगल्यात तिचा स्टुडिओ. पैसा बेताचा, म्हणून तेच तेच सेट रंग बदलून पुन्हा वापरायचे. 1957 मध्ये त्यांनी फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट रंगीत केली, 1958 मध्ये ड्रॅक्युला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर. पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली ही जोडी तिथूनच गाजली.

आता नीट बघा. या दोन्ही चित्रपटांत दुष्ट कोण? एक सरदार आणि एक उमराव. वाड्यात राहणारा, लोकांच्या जिवावर जगणारा. त्याला घाबरणारं गाव मात्र दुष्ट नाही. दोष एका माणसाचा.

1959 मध्ये त्याच फिशरने ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ केला. आपल्या मुंबईचं नाव, चित्रीकरण इंग्लंडात. विषय ठगांचा. ठग होते, त्यांनी वाटसरूंचे गळे आवळले, हे कोणी नाकारत नाही. पण स्लीमनची मोहीम चालली ती मुख्यतः मध्य भारतात, जबलपूरच्या बाजूला. ठगी हा पंथ होता की पोटासाठी केलेली दरोडेखोरी, यावर इतिहासकारांत वाद आहे. चित्रपटाला तो वाद नकोच. तिथे कालीची भक्ती हाच गुन्हा, आणि सुटका करणारा कंपनीचा कॅप्टन.

कालीचा पुजारी झालाय जॉर्ज पास्टेल, मूळचा सायप्रसचा नट. त्याच वर्षी ‘द ममी’मध्ये हाच नट इजिप्शियन झाला. म्हणजे काय, तर परका दाखवायला एकच चेहरा पुरतो! पण ‘ममी’त हा इजिप्शियन थडगी उकरणाऱ्या इंग्रजाला तोंडावर जाब विचारतो. तेवढ्यापुरतं का होईना, राक्षसाला स्वतःची बाजू मिळते.

आता इथे बांद्यात बसून विचार करूया. आपल्याकडच्या देवचाराला आपणही भितो. रात्री वेशीवरून जाताना पाऊल उचलतं ते भरभरच. पण तो आपला राखणदार. त्याला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. म्हणजे भीती आहे आणि बोलणंही आहे. परक्या माणसाने नुसती रात्र नि कोंबडा पाहिला, तर त्याला यातही ‘भयंकर पंथ’च दिसेल.

म्हणून हे चित्रपट टाकून देऊ नका. मजेने बघा, मीही बघतो. फक्त प्रत्येक वेळी एक विचारा: या राक्षसाला बोलू दिलंय का? आणि हाच प्रश्न आपण शेजारच्या वाडीतल्या माणसाबद्दल बोलतानाही विचारतो का?