वारशाने आलेले खिशातले पिस्तूल

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले, बेल्जियममधील एफएन कारखान्याचे १९०६च्या नमुन्याचे ६.३५ मिलिमीटर पिस्तूल तळहातात मावते. मात्र त्याची निगा आकाराइतकी सोपी नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतील, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागातील, पोटॅशियम क्लोरेट जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतील ओल शोषून पोलाद गंजवतो आणि तेलात विरघळत नसल्याने नळी आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवणे दिसायला रुबाबदार असले तरी घातक ठरते, कारण कमावलेले चामडे ओल धरते आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याची किंमत लगेच मोजावी लागते. निळसर-काळी झिलई, म्हणजे पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा थर, पॉलिश कागदाने घासणे हा तर निव्वळ अडाणीपणा होय. शतकभर दबलेल्या स्प्रिंगा थकलेल्या असल्याने परवानाधारक शस्त्रकारागिराच्या तपासणीपूर्वी गोळी झाडू नये. भारतात २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला, वारशाची धरूनही, दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.