ठासणीची बंदूक: भरलेली की रिकामी?

कोकणात रानडुकरांचा उपद्रव वाढला की ठासणीच्या बंदुकीचा विषय निघतो आणि जुनी म्हणून ती निरुपद्रवी, असे बोलले जाते. काडतूस नाही, एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ लागतो. तिचा धोका तो कितीसा? खरे तर धोका तिच्या जुनेपणातच आहे. काडतुसाची बंदूक उघडून आत काय आहे ते पाहता येते. ठासणीच्या नळीचे मागचे तोंड बंद, त्यामुळे आत बार आहे की नाही हे बाहेरून कळतच नाही. बार पेटवणारी कॅप काढली तरी आतली दारू आणि छर्रे तिथेच राहतात. म्हणून रिकाम्या नळीत गज कुठवर जातो याची खूण गजावर कायमची करून ठेवतात आणि बंदूक हाती घेताना, नळीसमोर न येता, गज घालून ती खूण ताडून पाहतात. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचे, कारण दमट दारू उशिराने पेटू शकते. नळीत डोकावून बघण्याची उबळ नेमकी त्याच मिनिटात येते.

याच बंदुकीत थोडा बदल केला की ती आधुनिक होते, ही समजूत जास्त घातक आहे. मुळात ठासणीची आणि रायफल या परस्परविरोधी जाती नाहीत. नळीत आतून पिळाच्या खाचा असल्या की ती रायफल. 1857 साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्ड रायफल ठासणीचीच होती. शिपायाला त्या काडतुसाचा कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. पुढे 1866 पासून ब्रिटिशांनी याच एनफिल्ड मागून भरता येतील अशा करून घेतल्या. मग गावच्या कारागिराने ते का करू नये? कारण ते काम कारखान्यात, नळीच्या मागे नवा भाग बसवून झाले होते. जुनी नळी काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली असते; तीत बिनधुराची दारू घातली तर दाब कितीतरी वाढतो आणि नळी फुटते, तीही गालाजवळ. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 ची दुरुस्ती झाल्यापासून बंदुकीचा प्रकार बदलायलाच वेगळा परवाना लागतो.

परवाना असला की शिकार करता येते, हेही चूक. शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतो खरा, पण तो बंदूक बाळगण्याचा. प्राणी मारण्याची मुभा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते. रात्रीत भातशेती उद्ध्वस्त झालेला शेतकरी विचारेल, आम्ही नुसते बघत बसायचे का? प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने त्याची दखल घेतली आहे. कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी उभ्या पिकाला धोका ठरलेल्या रानडुकराबाबत कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. ही वाट संथ आहे, हे मान्यच. पण हातात आदेश असला तरी डुकराच्या मागे काय आहे हे बंदूकधाऱ्यालाच पाहावे लागते. हाक्यात झुडूप हलले म्हणून झाडलेली गोळी सोबत्याला लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या बातम्यांतली बंदूक पुष्कळदा ठासणीचीच असते.